गौरव्वाला मराठी येत नाही

आमची चंद्री दिवाळीच्या आधी गेली. सात वेतं (बाळंतपणं) झाली, त्यातली बहुतेक धार माझ्याच हाताची. शेवटची दोन वर्षं भाकडच होती, दावणीला बसून राहायची, कडबा कमी आणि रवंथ जास्त. बांधाच्या कडेला खोल खड्डा घेतला, मीठ टाकून पुरली. घरात पिशवीचं दूध ती भाकड झाल्यापासूनच सुरू होतं.

पिशवीच्या दुधाशी माझं काही भांडण नाही. पण आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७८, रोज सकाळी चहाचा कप उजेडात धरून बघायच्या आणि तसाच खाली ठेवायच्या. बोलायच्या काही नाहीत. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

आमची वस्ती लांबोटीच्या अलीकडे, पुणे रस्त्यापासून थोडी आत. गोठ्यात बैलजोडी आहे, दोन शेळ्या आहेत. मालदांडी ज्वारीचा कडबा घरचा. त्यामुळे गाय घ्यायची हे ठरलेलंच होतं, कोणती यावरून मात्र महिनाभर वाद झाला. ह्यांना पंढरपुरी म्हैस हवी होती. तलवारीसारखी लांब शिंगं, फॅट चांगला, आमच्या उन्हालाही काटक. आत्या म्हणाल्या, "म्हशीला डुंबायला तुझ्या डोक्यावर पाणी आणू का?" म्हैस तिथंच संपली.

संक्रांतीला सोलापुरात गड्डा भरतो तेव्हा जनावरांचाही बाजार बसतो. तिथं नुसतं बघून आलो. मग एका रविवारी सांगोला. सांगोल्याच्या बाजारात गेलं की माझा जीव खिलारावर जडतो, इलाज नाही. पांढरीशुभ्र, धनुष्यासारखी शिंगं, अंगाला हात लावला की कातडी थरथरते. पण खिलार म्हणजे बैल पैदा करणारी जात. गाय दूध देते ते वासरापुरतं, वर लिटर-दोन लिटर मिळालं तर आपलं नशीब. शर्यतीचं वेड असलेल्यांनी घ्यावी. आम्हाला चहा हवा होता.

बाजारात एक हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, माझ्या मागेच लागला. "बाई, दहा लिटरला मरण नाही." गाय होस्टन, म्हणजे मोठ्या अंगाची परदेशी दुधाळ जात, कास अशी तट्ट की गाईला पाय फाकवून उभं राहावं लागत होतं. ह्यांचे डोळे चमकले. मी सडाला हात लावला तर दगड. ती कास दुधाची नव्हती, आदल्या संध्याकाळपासून न पिळलेली होती. दुपार होत आली तरी कुणी तिच्या खाली बसलं नव्हतं. बाजारात कास भरलेली दिसावी म्हणून जनावर असं तुंबवून आणतात, आणि त्या पायीच पुढं दगडी, म्हणजे कास सुजून कडक होण्याचा रोग, होते. तो हेडी तोवर ह्यांचा हात रुमालाखाली घेऊन बोटं दाबत होता, म्हणजे कुणाला न कळता भाव ठरवत होता. मी ह्यांना कोपरानं ढोसलं. रुमालाखाली किती बोटांपर्यंत गेले होते ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

त्या दिवसापासून मी ठरवलं, बाजारातून घ्यायची नाही. कुणाच्या तरी दारातली घ्यायची, आणि संध्याकाळची आणि सकाळची अशा लागोपाठ दोन धारा डोळ्यांनी बघून घ्यायची.

गाय मिळाली दुधनीच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात. (गावाच्या नावात दूध आहे म्हणून नव्हे. दूध गोळा करणाऱ्या गाडीवाल्यानं सांगितलं म्हणून.) त्या पट्ट्यात अंगणातही कन्नड आणि बाजारातही कन्नड. मालकाला मराठी चांगलं येत होतं, मालकिणीला "बसा", "चहा", "जेवून जावा" एवढंच.

गाय जर्सी आणि गावरान यांची. रंग गुळाच्या ढेपेचा, नाकाभोवती पांढरट कडी. सहा दाती, दुसरं वेत, पोटाशी दीड महिन्याची कालवड. अंगापिंडानं बेताची, आणि मला तेच हवं होतं, कारण मोठ्या होस्टनला आमच्या एप्रिलमध्ये धापा टाकताना मी शेजाऱ्यांच्या गोठ्यात बघितलंय. कानात पिवळा बिल्ला होता. त्यावरचे १२ आकडे आमच्या डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवले, त्यांनी लसीची नोंद बघून सांगितली. गर्भपाताच्या रोगासाठी रक्तही तपासून घ्यायला लावलं. मालक जरा रागावला. त्यात चार दिवस गेले, गेले तर गेले.

जाताना मी नातवाची काळी पाटी पिशवीत टाकली होती. प्रत्येक सडाची पहिली धार पाटीवर मारायची. दूध खराब असेल तर काळ्यावर लगेच दिसतं. बारीक गाठी दिसतात, नाहीतर पाण्यासारखं पातळ पसरतं. चारी सडांचे चार पांढरे फराटे एकसारखे उतरले. मालकीण हसली. पाटी तिनं पदरानं पुसून परत दिली. नातवाचा सातचा पाढा कोपऱ्यात होता, तेवढा मात्र तिनं पुसला नाही.

संध्याकाळी चार लिटर, सकाळी साडेचार. मालक दहा सांगत होता, साडेआठ निघालं. मला पटलं. दहाच निघाले असते तर उलट शंका आली असती. व्यवहार ४२ हजाराला ठरला. दावं त्यांनी ठेवून घेतलं, आमच्याकडंही विकताना दावं देत नाहीत. आम्ही नवं नायलॉनचं नेलं होतं.

पिकअपमध्ये उसाचं पाचट जाड अंथरलं, कालवड तिच्या तोंडापुढं बांधली आणि उन्हं उतरल्यावर निघालो. घरी पोहोचायला रात्रीचे साडेअकरा. आत्या जाग्याच. पायावर पाणी घातलं, हळद-कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, "ये गं चंद्रे."

मला तेव्हाच खटकलं होतं. पण रात्री साडेअकराला सासूशी कोण वाद घालणार?

पहाटे बादली घेऊन बसले. गाईनं माझ्याकडं बघितलं, कान मागे केले, आणि पहिल्या धारेलाच लाथ. बादली गव्हाणीपाशी, मी शेणात. दुसऱ्यांदा ह्यांनी शिंगं धरली. मिळालं पाऊण लिटर. संध्याकाळी तेवढंच. कालवड सोडली की मात्र तोंडाला फेस येईपर्यंत प्यायची, म्हणजे दूध होतं, आम्हाला द्यायचं नव्हतं. पाणीही नाकानं हुंगून सोडायची. आमचं बोअरचं पाणी मचूळ आहे, आम्हाला कळत नाही, तिला कळलं. दुभत्या गाईला दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी लागतं, ही दोन बादल्यांवर थांबली. ज्या पोटात पाणी नाही त्या कासेत दूध कुठून येणार?

तिसऱ्या दिवशी शेजारचा मुलगा आला. "काकू, पान्ह्याचं इंजेक्शन आणून देतो. टोचलं की दोन मिनटात नळ. एवढं काय टेन्शन घ्यालाय?" त्याला चहा पाजून वाटेला लावलं. असल्या टोचण्याला १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यातच शिक्षा आहे. आणि कायदा नसता तरी मी टोचलं नसतं, कारण मग रोज टोचावं लागतं. डॉक्टर आले, ताप बघितला, कास दाबून बघितली आणि म्हणाले, "गाय ठणठणीत आहे. घाबरलीय." पान्हा फुटतो तो मेंदूतून सुटणाऱ्या रसामुळं, आणि जनावर भ्यालं की तो रस कासेपर्यंत पोहोचतच नाही. सुटला तरी त्याचा जोर पाच-सात मिनिटांचा, तेवढ्यात धार उरकायची. हे त्यांनी छान समजावलं. भीती कशाची, ते आम्ही शोधायचं.

मी मालकाला फोन केला. "आमच्याकडं व्यवस्थित होती की ओ," तो म्हणाला. मी विचारलं, "तुमच्याकडं धार कोण काढायचं?" तो जरा थांबला. "आमची मंडळी. मी कधी बसलो नाही खाली."

फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली. दोन धारा मी समोर बसून बघितल्या होत्या. किती लिटर, फेस किती, गाठी आहेत का, सगळं लक्षात होतं. ती बाई गाईच्या कोणत्या बाजूला बसली होती ते मात्र आठवेना. बोलणी झाली ती ह्यांची आणि मालकाची. पैसे मोजले त्यांनीच, सुपारी फोडली त्यांनीच. गाय ज्या हाताची होती त्या हाताला कुणी काही विचारलंच नव्हतं, आणि त्यात मीही आले.

ती मालकीण, आमची आता मावशी, पाचव्या दिवशी आली. तिची लेक सोलापुरात दिली आहे, तिच्याकडं आली होती, तिथून जावयाच्या मोटारसायकलवर आमच्याकडं. गोठ्याच्या दारातूनच तिनं हाक मारली, "बारव्वा, गौरव्वा!" म्हणजे ये गं, गौरव्वा.

पाच दिवस खाली मान घालून उभी असलेली ती गाय अशी वळली की दावं ताणलं गेलं.

मावशीनं बादलीला हात लावायच्या आधी गोठाच बदलायला घेतला. आमची कालवड भिंतीपलीकडं होती. चंद्रीची वासरं आम्ही तिथंच बांधायचो, कारण ती फार चाटायची. मावशीनं तिला आणून गाईच्या डाव्या खांद्याशी बांधलं, जीभ पोहोचेल अशी. मग स्वतः डाव्या बाजूला बसली. मी अकरा वर्षं उजवीकडून बसत आले. कपाळ गाईच्या कुशीला टेकवलं, कोमट पाण्यानं सड धुतले, बोटांनी कास जरा वेळ नुसतीच चोळली. तोंडानं बारीक आवाजात काहीतरी चाललेलं. "निंद्र… निंद्र… काल तगी." म्हणजे थांब, थांब, पाय काढ. मागचा पाय अर्धी वीत मागं गेला. आणि मग तिचे हात मी बघितले, या वेळी नीट. ती मुठीनं पिळत होती. आधी वरची बोटं मिटायची, मग खालची, सड सबंध मुठीत. मी अंगठा मोडून त्याच्या हाडावर सड दाबते, माझ्या आईनंही तसंच काढलं. चंद्रीनं सोसलं म्हणून मला वाटत होतं की ते बरोबर आहे.

सव्वातीन लिटर. आत्या खांबाला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "गौरव्वा तर गौरव्वा."

मावशी रात्री राहिली. सकाळी मला बसवलं, माझ्या हातावर हात ठेवून मूठ शिकवली. दोनदा चापट मारली माझ्या अंगठ्यावर, शाळेतल्या बाईंसारखी. तिकडं तुरीचं भुसकट खायची सवय आहे, एकदम नुसता कडबा नको, असं जावयाकडून सांगायला लावलं. मग भुसकट रोज थोडं कमी आणि कडबाकुट्टी थोडी जास्त, असं दहा-बारा दिवस केलं. पाण्यात मूठभर पेंडीचा चुरा टाकायचा, वास ओळखीचा झाला की पिते, हेही तिचंच. आमचं नायलॉनचं दावं बघून तिनं मान हलवली. गाईच्या मानेला वळ आला होता, मला दिसलाही नव्हता. तिनं पिशवीतून जुनं, हातानं वळलेलं, घामानं काळं झालेलं दावं काढलं आणि आत्यांच्या हातात दिलं.

आत्या एकदम मागे सरल्या. विकणाऱ्यानं दावं दिलं म्हणजे आपल्या गोठ्याची बरकत दिली, असं मानतात. मावशीलाही ते ठाऊक होतंच. दोघींपैकी एकीला मराठी धड येत नाही, दुसरीला कन्नड अजिबात नाही. आत्यांनी दावं घेतलं नाही, घरातून खण, नारळ आणि पायलीभर ज्वारी आणली, तिची ओटी भरली, आणि मग घेतलं. नव्या जनावराचा रोग लागू नये म्हणून बैल मात्र अजून तीन आठवडे लांबच ठेवायचे होते, त्यामुळे गौरव्वा त्या दाव्यानं लिंबाखाली बांधली.

आता दोन महिने होतील. साडेआठ लिटर पुन्हा काही आलं नाही. साडेसातवर थांबली आहे, आणि उन्हाचा पारा ४२ ला गेल्यापासून सातच. दुपारी तिच्या पाठीवर ओलं पोतं टाकते. आत्यांनी चहाचा कप उजेडात धरणं सोडलंय. मावशीचा आठवड्याला फोन येतो. जावई नसला तर आम्ही दोघी फोन धरून नुसत्या हसतो, मग मी फोन गाईच्या कानाशी नेते.

मला सहा शब्द आले आहेत, आत्यांना चार. गोठा झाडताना त्या शेळ्यांनाही "सरी, सरी" करतात. हे मात्र म्हणतात, सोलापूर जिल्ह्यात राहायचं तर गाईनं मराठी शिकावं. रोज वैरण टाकायला जातात आणि मोठ्यांदा "सरक!" म्हणतात. ती सरकत नाही.