व्हेंटिलेटर सुटण्याआधीची रात्र

ठाण्यातल्या आमच्या अतिदक्षता विभागात भेटीच्या वेळी नातेवाइकांचा एकच प्रश्न ठरलेला असतो : "सिस्टर, मशीन कधी काढणार?" निर्णय अर्थातच डॉक्टरांचा असतो, मात्र स्वतःच्या श्वासाच्या चाचणीला (मशीनचा आधार अगदी कमी करून रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकतो का, हे पाहण्याला) रुग्ण ताजातवाना सामोरा जातो की दमलेला, हे बरेचसे आदल्या रात्रीच्या शुश्रूषेवर अवलंबून असते, असे माझे मत आहे. रात्री व्हेंटिलेटरचा आधार पुरेसा ठेवून श्वासाच्या स्नायूंना विसावा द्यावा, दिवे मंद करावेत आणि शक्य ती कामे एकदम उरकून रुग्णाला सलग झोप मिळू द्यावी. रात्रपाळीत हेच सर्वांत अवघड जाते, कारण अलार्म कोणाची झोप पाहून वाजत नाहीत.

सकाळी डॉक्टरांच्या सूचनेनुसार गुंगीचे औषध थांबवल्यावर रुग्ण सांगितल्याप्रमाणे हात दाबतो का, हे पाहावे. खाटेची डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचललेली आणि श्वासनलिकेत घातलेल्या नळीभोवतीच्या हवेच्या फुग्याचा (cuff) दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाणी (हे दाबाचे एकक) इतका असावा. चाचणीपूर्वी कफ, म्हणजे बेडका, साठलेला वाटल्यास सक्शन करावे, म्हणजे तो शोषून काढावा. त्याआधी 100 टक्के ऑक्सिजन द्यावा आणि एका वेळी 15 सेकंदांपेक्षा अधिक वेळ घेऊ नये.

चाचणी साधारण 30 मिनिटे ते 2 तास चालते. श्वासाचा दर मिनिटाला 35 च्या वर किंवा ऑक्सिजनचे प्रमाण 90 टक्क्यांच्या खाली गेले, तर मॉनिटर ओरडतोच. परंतु अनेकदा त्याआधीच गळ्याखालचा खळगा श्वासागणिक आत ओढला जाऊ लागतो, नाकपुड्या फुलतात, कपाळावर घामाचे थेंब दिसतात. म्हणून सुरुवातीची काही मिनिटे मी खाटेजवळून हलत नाही. नळीमुळे रुग्णाला बोलता येत नाही, त्यामुळे पाटी हाताशी ठेवते आणि सांगते, "काका, मशीन इथेच आहे, मीही इथेच आहे. नेहमीसारखा श्वास घ्या." निव्वळ घाबरल्यामुळे वाढलेला दर एवढ्यानेही पुष्कळदा खाली येतो.

चाचणी थांबवावी लागली, तर पूर्ण आधार पुन्हा सुरू होतो, कारण शोधले जाते आणि पुढचा प्रयत्न बहुधा दुसऱ्या दिवशी होतो. अशा वेळी चार्टवर 'सहन झाले नाही' एवढेच न लिहिता, कितव्या मिनिटाला आणि प्रथम काय दिसले, तेही नोंदवावे. पुढच्या पाळीच्या सिस्टरला त्याचाच उपयोग होतो.