पहिला विषय ‘आई’ नको

मूल झाल्यानंतर पुन्हा शिक्षणाकडे वळलेल्या मुलींना मी चित्रकला आणि कविता शिकवते. या वर्गात पहिला विषय ‘आई’ हा कधीही देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. घरी, दवाखान्यात आणि नातेवाइकांत त्यांच्याकडे दिवसभर आई म्हणूनच पाहिले जाते. निदान काही तास विद्यार्थिनी म्हणून बसता यावे ही इच्छा घेऊन त्या येतात, आणि इथेही आपण त्यांना मातृत्वाची महती गायला लावली, तर कागदावर उतरतात त्या पूर्वी कुठेतरी ऐकलेल्या ओळी.

म्हणून मी सुरुवात साध्या वस्तूंपासून करते: किल्ली, चप्पल, दातांनी कुरतडलेली पेन्सिल. कागदाकडे मुळीच न पाहता, नजर वस्तूच्या कडेवरून जितक्या सावकाश सरकेल तितक्याच सावकाश हात चालवायचा. रेघा वेड्यावाकड्या येतात, वर्गात हशा पिकतो, आणि ‘मला चित्र काढता येत नाही’ ही तक्रार तिथेच निकालात निघते, कारण या पद्धतीने कोणालाच हुबेहूब काढता येत नाही. (कोळशाऐवजी मी ४बी किंवा ६बी ही मऊ, गडद पेन्सिल देते, मध्येच बाळाला उचलावे लागले, तर हात धूत बसायला नको.)

आईचा विषय येतो तो नंतर, आणि तोही दुसऱ्या कोणाच्या चित्रातून. फ्रेंच चित्रकार बेर्त मोरिझो यांनी १८७२ मध्ये रंगवलेले ‘पाळणा’ हे चित्र मी दाखवते. झोपलेल्या बाळाकडे पाहत बसलेली त्यातली स्त्री म्हणजे त्यांची बहीण एदमा. मुली आधी बाळाबद्दल आणि पाळण्यावरच्या झिरझिरीत पडद्याबद्दल बोलतात. मग कोणाचे तरी लक्ष त्या स्त्रीच्या चेहऱ्याकडे जाते, आणि ती समाधानी आहे, दमलेली आहे की कंटाळलेली आहे, यावर वाद सुरू होतो. तो चांगला रंगल्यावरच मी सांगते, की एदमादेखील बहिणीच्या बरोबरीने चित्रकला शिकली होती आणि १८६९ मध्ये लग्न झाल्यावर तिची चित्रकला जवळजवळ सुटली. हे आधीच सांगितले, तर सगळ्यांना त्या चेहऱ्यावर फक्त दुःख दिसू लागते आणि पाहणे तिथेच थांबते.

कवितेला वेळ लागतो, पण तो सलगच हवा असे नाही. बाळाला थोपटताना वही-पेन हाती धरता येत नाही, म्हणून मी ओवी शिकवते. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा चरण आखूड आणि यमकातून मोकळा, एवढा साचा कानात बसला की ओळ मनातल्या मनात घोळवता येते, मोडून पुन्हा जुळवता येते, आणि वही हाताशी येईपर्यंत यमकच ती ओळ धरून ठेवते. शिवाय चौथ्या चरणात उपदेश कोंबायला जागाच उरत नाही, हा ओवीचा मला सर्वांत आवडणारा गुण.

लिहू लागले की घरातल्या गोष्टी कवितेत येणारच. कोणती कविता वर्गात वाचायची आणि कोणती फलकावर लावायची, हे लिहिणारीच ठरवते. लावलेली कविता तिने दुसऱ्या दिवशी परत मागितली, तर ती कारण न विचारता काढून द्यावी. मूल्यमापनासाठी वह्या मला पाहाव्याच लागतात, परंतु तिथेही गुण मी खाडाखोडीला देते, म्हणजे एखादा शब्द तिने किती पर्यायांशी ताडून पाहिला याला. तिच्या आयुष्यात काय घडले, याला नाही.