कारणाचे दोन रकाने

कुणाच्या विक्षिप्तपणाची थट्टा करायची झाली की ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला भरती करा’ असे आपल्याकडे अजूनही सहज म्हटले जाते, आणि मीही ते अनेकदा म्हटले आहे. गेले काही महिने मात्र स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आंतरजालावर खुले केलेले, ब्रिटिश हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल वाचतो आहे. त्यांतले दोन रकाने मनातून जात नाहीत. एक वेडाच्या कारणाचा, दुसरा मृत्यूच्या कारणाचा.

पहिल्या रकान्यातला मजकूर बहुतेक वेळा पोलिसांकडून आलेला असे. रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचे काम १८५८ च्या कायद्याने पोलिसांकडे दिले होते, आणि त्या माणसाबरोबर जो कागद इस्पितळात येई त्यात कारणही लिहून यावे अशी अपेक्षा असे. गावाचा पत्ता नाही, नातेवाईक नाहीत, माणूस स्वतःविषयी धड बोलत नाही. अशा वेळी ‘गांजा’ हे उत्तर सोयीचे होते. १८९३-९४ च्या गांजा-भांगविषयक चौकशी आयोगाने या नोंदी मुळापासून तपासल्या, तेव्हा १८९२ मध्ये दाखल झालेल्या १,३४४ जणांपैकी ज्या २२२ जणांच्या वेडाचे खापर गांजा-भांगेवर फोडले गेले होते, त्यांतले जेमतेम ९८ चौकशीत टिकले. उरलेल्यांच्या बाबतीत तो रकाना रिकामा राहू नये एवढीच काळजी घेतली गेली होती, असे मला वाटते.

दुसरा रकाना डॉक्टर भरत, म्हणून तो अधिक विश्वासाचा. त्यात वेडाचा संबंध फार थोडा आहे. हगवण, आमांश, क्षय, अशक्तपणा हीच नावे वर्षानुवर्षे फिरून येतात, आणि पटकीची साथ आली की त्यांत तिची भर पडते. माणसे मनाच्या आजारासाठी आत गेली आणि पोटाने किंवा छातीने मेली. रात्री कोंडलेल्या खोलीत दाटीने झोपणारी, आपल्या विष्ठेची शुद्ध नसलेली, पोट दुखते आहे हेही सांगू न शकणारी माणसे एकत्र ठेवली, की एकाची हगवण पाण्यावाटे, भांड्यांवाटे आणि हातांवाटे दहा जणांना व्हायला वेळ लागत नाही.

यावर सुपरिंटेंडेंटांचे ठरलेले स्पष्टीकरण असे की, रुग्ण दाखल झाला तेव्हाच हाडांचा सापळा होता. ते खोटे म्हणता येणार नाही. दुष्काळाच्या वर्षांत उपाशी माणूस आणि वेडा माणूस यांतला फरक पोलिसांनी कसा ओळखला असेल, हा प्रश्नच आहे. शुश्रूषेचे जे प्रयत्न दिसतात तेही मुख्यतः शरीराचेच: रुग्णांचे वेळोवेळी वजन घेणे, खंगलेल्यांना जादा दूध देणे, आणि जे धडधाकट असतील त्यांना बागेत किंवा मागावर कामाला लावणे. औषधे म्हणून ब्रोमाइड आणि क्लोरल होते. त्यांनी माणूस शांत होई, बरा होईच असे नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सुपरिंटेंडेंट म्हणजे बहुधा तिथला सिव्हिल सर्जन, ज्याच्या अंगावर इतर सरकारी कामेही असत, त्यामुळे दिवसरात्र रुग्णांपाशी असे तो हिंदुस्थानी हॉस्पिटल असिस्टंट आणि तुटपुंज्या पगारावरचे रखवालदार.

मृत्यूचा दर वाचतानाही सावध राहावे लागते. समजा, वर्षभरात ४०० माणसे इस्पितळातून गेली, रोजची सरासरी संख्या २५० होती आणि ३० जण दगावले. सरासरीवर मोजले तर दर १२ टक्के होतो, एकूण संख्येवर मोजले तर साडेसात. शिवाय ‘नातेवाइकांच्या ताब्यात दिले’ या सदरात गेलेला मरणासन्न माणूस घरी पोहोचून आठवड्याने गेला, तर तो या हिशेबात येतच नाही.

मुंबईतल्या कुलाब्याच्या इस्पितळातली गर्दी हाताबाहेर गेल्यावर नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे नवे इस्पितळ १९०१ मध्ये ठाण्याला नौपाड्यात उघडले. १९१२ मध्ये कायदा बदलला, आणि पुढच्या दशकात पाट्यांवरचा ‘असायलम’ जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ आले. देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या सरकारी भोर समितीसाठी रांचीच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख मूर टेलर यांनी देशातल्या १९ मनोरुग्णालयांची पाहणी केली. १९४६ मध्ये अहवाल आला तेव्हा चाळीस कोटींच्या देशात जेमतेम दहा हजार खाटा होत्या, आणि या मनोरुग्णालयांच्या बहुतेक इमारती उपचारांसाठी नव्हे तर माणसांना कोंडून ठेवण्यासाठी बांधलेल्या आहेत, असे टेलर यांनी नोंदवले. ज्या भिंतींआड हगवण फिरत होती, त्यांतल्या कितीतरी तोवर तशाच उभ्या होत्या.