सुईत औषध नाही, तर पैसे कशाचे?

हा प्रश्न आम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकावा लागला. एका अक्कांच्या मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू दगडासारखा झाला होता. मी बारीक सुई घातली, स्नायू आत टुणकन उडाला, सुई काढली. अक्कांनी ती उजेडात धरायला लावली. "मंदु लेदा?" त्यांनी तेलुगूत विचारलं, औषध नाही? म्हटलं, नाही, कोरडीच असते. "मग पैसे कशाचे?"

आमचं फिजिओथेरपीचं दुकान सोलापूरच्या पूर्व भागात आहे. 'दुकान' हा नवऱ्याचा शब्द. हिशेब तोच बघतो. सुरुवातीला दोन खाटा, मध्ये एक पडदा आणि कर्जावर घेतलेलं एक मशीन, एवढाच संसार. येणाऱ्यांत विडी वळणाऱ्या बायका सगळ्यात जास्त, त्यांच्या खालोखाल यंत्रमागावरचे कामगार. विडीचं काम बसून करायचं. मांडीवर सूप, मान खाली, दोन्ही अंगठे सतत चालू. मजुरी हजार विड्यांवर. त्यामुळे 'आठ दिवस आराम करा' हे आमच्याकडे सांगून उपयोग नसतो. आराम म्हणजे घरातलं तेल-मीठ बंद.

म्हणून मी ड्राय नीडलिंग, म्हणजे ही कोरडी सुई घालायचं तंत्र, शिकून घेतलं. सुई भरीव असते, पोकळ नाही, म्हणजे औषध जायला वाटच नाही. जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. स्नायूत जिथे दाबलं की कळ दुसरीकडेच जाते, त्या गाठीला ट्रिगर पॉइंट म्हणतात. अमेरिकेच्या डॉ. जेनेट ट्रॅव्हेल यांनी पूर्वी अशा जागी इंजेक्शनं दिली. पुढे १९७९ साली प्रागच्या डॉ. कारेल लेविट यांनी लिहिलं की औषधाशिवाय नुसत्या सुईनेही बऱ्याच जणांना लगेच आराम पडतो. तो आराम बहुतेकदा काही दिवसांचा, फार तर काही आठवड्यांचा असतो. हे मी पेशंटला आधीच सांगते. नवऱ्याला ते अजूनही धंद्याच्या विरुद्ध वाटतं.

सोलापुरात सुई म्हटली की कोणीतरी डॉ. कोटणीसांचं नाव काढतंच. आपल्या गावचे, १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले. पण ते सर्जन होते. त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले आणि अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे सुयांचा चिनी उपचार, शिकून ते कोलकात्यात घेऊन आले. मी करते ते अ‍ॅक्युपंक्चर नव्हे. महाराष्ट्रात त्याचा २०१५ चा वेगळा कायदा आहे, त्याचे नोंदणी झालेले लोक वेगळे. विचारणाऱ्याला मी सरळ तिकडे पाठवते.

एकदा मात्र हातून चूक झाली. एक मावशी सकाळपासून उपाशी होत्या. मी न विचारता त्यांना स्टुलावर बसवूनच सुई घातली आणि त्या घामाघूम होऊन माझ्या अंगावर कलंडल्या. दोन मिनिटांत शुद्धीवर आल्या, पण माझे हात तासभर थरथरत होते. तेव्हापासून पहिला प्रश्न 'जेवलात का?', दुसरा 'रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?', आणि सुई फक्त आडवं झोपवूनच. खांद्यावर आणि पाठीवर तर जास्तच जपून, कारण चुकीच्या कोनात खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. सुई एकदा वापरली की भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात. ती उकळून परत वापरा, असा काटकसरीचा सल्ला देणारेही भेटले.

दुसऱ्या वर्षी दराचा वाद झाला. आसपास सुईमागे पैसे घेतात, आपणही घेऊ, असं नवऱ्याचं म्हणणं. मला ते पटेना. सुईमागे पैसे लावले की हात आपोआप आणखी दोन सुया घालतो. शेवटी फळ्यावर लिहिलं: पैसे अर्ध्या तासाचे, सुईचे वेगळे नाहीत. त्या अर्ध्या तासात सुईला लागतात जेमतेम पाच-सात मिनिटं. बाकीचा वेळ मानेचे व्यायाम, अंगठ्याला शेक, आणि सूप मांडीवरून उचलून पाटावर कसं ठेवायचं ते दाखवण्यात जातो. व्यायामाचं नाव काढताच काही जण उठून गेले, ते पुन्हा आले नाहीत. ते वर्ष तोट्यात गेलं.

आता खाटा तीन आहेत, मशीनचं कर्ज फिटलंय. दवाखाना दुपारी दोनला उघडतो, कारण सकाळी बायका कारखान्यात विड्या द्यायला गेलेल्या असतात. पहिल्या आठवड्यातल्या त्या अक्का अजून येतात. परवा त्यांनी सुनेला आणलं, आणि मी काही बोलायच्या आत तिला तेलुगूत दटावून विचारलं, जेवलीस का.