हक्कसोडाच्या सहीआधी

निंदणी, लावणी, खुरपणी, कापसाची वेचणी, ही शेतातली सगळी वाकून करायची कामं बायकांची. २०१५-१६ च्या कृषी गणनेत मात्र देशातल्या वहितीधारकांमध्ये बायका सुमारे १४ टक्केच होत्या. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे स्वतःच्या नावाने पीककर्ज नाही, पीएम-किसानचा हप्ता नाही, जमीन रस्त्यात गेली तर मोबदल्यात वाटा नाही. राबणारी ती, आणि शेतकरी दुसराच कुणीतरी. याचं एक मोठं कारण वडील गेल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत गावच्या दप्तरात घडतं.

आधी हिस्सा किती, ते पाहू. हिंदू वारसा कायद्यात (तो बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू आहे) ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकीच हक्कदार आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच अशी दुरुस्ती केली होती, पण ती तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरती. ‘वडील २००५ आधी वारले, तुझा हक्क संपला’ हे वाक्य अजून ऐकू येतं. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेलं वाटप उकरता येत नाही.

आकड्यांत बघा. सहा एकर म्हणजे २४० गुंठे वडिलोपार्जित जमीन, मागे आई, दोन भाऊ, एक बहीण. जुन्या हिशेबाने वडील, आई आणि दोन मुलगे असे चार भाग पडायचे आणि वडिलांच्या एका भागातला फक्त चौथा हिस्सा बहिणीला, म्हणजे १५ गुंठे. आता आधी पाच भाग पडतात, मग वडिलांचा पाचवा भाग चौघांत वाटला जातो. प्रत्येकाला ६० गुंठे, दीड एकर. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र नसेल तर तेही चार सारखे भाग.

हा दीड एकर जातो कुठे? वारसाच्या वर्दीत. कायद्याने वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, सर्व वारसांची नावं-पत्ते आणि शपथपत्र. त्यावरून गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवहीत नावं चढतात, फेरफार म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद लिहिली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस जातात. हरकत आली तर ती गाव नमुना ६-अ मध्ये तक्रारी प्रकरण म्हणून चालते. नाही आली तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात.

बिघाड होतो तो शपथपत्रात. मुलींची नावंच नसतात, किंवा असतात पण पत्ता माहेरचाच. मग नोटीस ज्या घरातून अर्ज गेला त्याच घरी येते आणि हरकतीचे पंधरा दिवस गुपचूप उलटतात. माहेरचं नाव आधारवर नाही, सासरचं वारस यादीत नाही, म्हणून अर्ज अडकतो ते वेगळंच. म्हणून वर्दी बहिणीने स्वतःही द्यावी. ई-हक्क प्रणालीतून ती ऑनलाइन देता येते. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावात चालू असलेल्या फेरफारांच्या नोटिसा कुणालाही दिसतात. पुण्यात, सुरतेत, दुबईत असलेल्या बहिणीने वडिलांच्या पश्चात काही महिने गट नंबर घेऊन तिथे नजर टाकत राहावी.

नाव चढलं तरी कुठे चढलं हे बघायचं. पूर्वी बहिणींची, विधवांची नावं सर्रास ‘इतर हक्क’ रकान्यात टाकली जायची आणि भोगवटादार म्हणून थोरल्या भावाचं नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून राहायचं. असे सातबारे अजून सापडतात. तहसील कार्यालयात अर्ज करून ए.कु.मॅ. नोंद कमी करून सर्व वारस मुख्य रकान्यात घ्यायला लावता येतात. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. घरातली जुनी झेरॉक्स बघून समाधान मानू नये.

आता हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा दुसऱ्या वारसाच्या लाभात सोडल्याचा दस्त. तेराव्यानंतर पाहुणे पांगायच्या आत गाडी दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदणीच्या कार्यालयात जाते. ‘ताई, सही कर, नाहीतर तुकडे पडतात’, ‘लग्नात खर्च केलाय’, ‘साडीचोळी, भाऊबीज आहेच की’. यातली पहिली अडचण खरी नाही. तुकडेबंदीचा कायदा प्रत्यक्ष वाटप आणि विक्री अडवतो, वारस म्हणून सामाईक नाव लागण्याला तो आड येत नाही. लग्नाचा खर्च हा हिस्सा नव्हे. राहिलं माहेर तुटण्याचं भय. ते खरं असतं, आणि म्हणूनच त्याचा दाब इतका चालतो. त्या दिवसांत बाईने सही देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. वारसनोंद तीन महिन्यांत कळवायची असते. हक्कसोडाला अशी मुदत नाही, तो पाच वर्षांनीही करता येतो. तोवर भावाने जमीन कसावी, नाव मात्र सगळ्यांचं राहावं.

तरीही सही करायचीच असेल तर दस्त घरी आणून वाचा. गट नंबर कोणते, हक्क कुणाच्या लाभात सोडला, आणि ‘व इतर सर्व स्थावर मिळकती’ असे शब्द आहेत का. या चार-पाच शब्दांत गावठाणातलं घरही जातं. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र पुढे फसवणूक किंवा दबाव सिद्ध केला तरच मोडतं, आणि दावा साधारणपणे ते कळल्यापासून तीन वर्षांत घालावा लागतो. उलट तलाठ्यासमोर दिलेला नुसता जबाब किंवा नोंदणी न केलेला स्टँपपेपर यांनी हक्क जात नाही. तसं कुणी म्हणालं तर घाबरू नका.

सगळ्यात वाईट वाटतं ते आईकडून घेतलेल्या सहीचं. साठी-सत्तरीतली बाई, पोरांवरच्या विश्वासाने अंगठा देते आणि दीड एकराची मालकीण एका दुपारी कुणाच्याही ताटाची आश्रित होते. मुलांचं पुढे पटलं नाही तर तिला ठेवायचं कुणी यावर भांडण होतं, कारण तिच्याकडे काहीच उरलेलं नसतं. बहिणीला हिस्सा सोडायचाच असेल तर आईच्या लाभात सोडता येतो, हे फार कमी जणींना माहीत असतं.

विधवा सुनेचं दुखणं वेगळं. जमीन सासऱ्याच्या नावावर, नवरा गेला, तर तिला सांगतात की तुझं इथे काही नाही. वडिलोपार्जित जमिनीत नवऱ्याचा हिस्सा होता, तो तिच्याकडे, मुलांकडे आणि सासू हयात असेल तर तिच्याकडेही येतो. सासरा हयात असतानाही सून वाटप मागू शकते. मिळालेला हिस्सा नंतर पुनर्विवाह केल्याने जात नाही. नवरा हयात असताना बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याचं लक्ष्मी मुक्तीचं शासन परिपत्रक १९९२ पासून आहे, ते वापरलं तर ही वेळच येत नाही.

अनुसूचित जमातींना हा वारसा कायदा थेट लागू नाही, त्या बायकांनी वकिलाशी वेगळं बोलावं.

फेरफार तुम्हाला वगळून प्रमाणित झाला असेल तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करा. उशिरा कळलं तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा. कधी कळलं ते तारखेनिशी लिहा, त्या दिवशी काढलेला सातबारा लावा. आणि फेरफाराने मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालय ठरवतं. अपील फेटाळलं गेलं तरी वाटपाचा दावा घालता येतो. मधल्या काळात जमीन विकली जाऊ नये म्हणून दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या, आणि दावा चालू असल्याची लिस पेंडन्सची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायला विसरू नका.