१९०९ आणि पाठकोरे कागद

नाशिकला राहणाऱ्या माणसाला भिंतीवर कॅलेंडर नसलं तरी चालेल. सकाळी पेपर उघडायच्या आधी झटकला, की मांडीवर काय पडतं त्यावरून महिना कळतो. मे-जूनमध्ये क्लासची पत्रकं: पासपोर्ट फोटोंच्या रांगा, प्रत्येकाखाली टक्के, आणि कोपऱ्यात सरांचा स्वतःचा फोटो, विद्यार्थ्यांच्या चौपट. आषाढात साड्यांचे सेल. पितृपक्षात सगळं सामसूम. घटस्थापनेपासून पुन्हा सोनं, गाड्या, टू बीएचके. दिवाळीच्या आधी घरगुती फराळाच्या ऑर्डरी. आणि बाराही महिने एनए प्लॉट. हल्ली यातला प्रत्येक प्लॉट समृद्धी महामार्गापासून पाच मिनिटांवर असतो आणि २०२७च्या कुंभमेळ्यामुळे त्याचे भाव वाढणारच असतात.

हे कागद बंद करा म्हणून मी पेपरवाल्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "ताई, गठ्ठे पहाटे सेंटरवर येतात, तिथेच बसून आम्ही आत घालतो. तुमचा एकटीचा पेपर वेगळा कसा ठेवू?" शिवाय त्याला हजारामागे पैसे मिळतात. पेपर घेणारी घरं कमी होत चालली असताना नुसत्या कमिशनवर त्याचं कसं भागणार? मी पुढे काही बोलले नाही. आमच्या अण्णांनी बोलूही दिलं नसतं. त्यांना ती पत्रकं हवी असतात.

अण्णा माझे सासरे. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. ज्या कागदाची मागची बाजू कोरी आहे तो फेकणं त्यांच्या लेखी गुन्हा आहे. पाठकोरी पत्रकं ते वेगळी काढतात, त्यांचे सारखे चार तुकडे करतात, कोपऱ्यात दाभणाने भोक पाडून फायलीच्या टॅगने बांधतात. दुधाचा हिशोब, गोळ्यांच्या वेळा, गॅस कधी लावला, सगळं त्यावर. अलीकडे पत्रकं दोन्ही बाजूंनी रंगीत आणि इतकी गुळगुळीत येतात, की त्यावर पेन चालत नाही. जाहिरातवाल्यांना आता काही रीतच उरली नाही, असं अण्णांचं मत आहे.

पोस्टाने येणारे कागद मात्र खरोखरच आटले. अण्णांकडे पाच-सहा कंपन्यांचे थोडेथोडे शेअर आहेत. पूर्वी पावसाळ्यात त्यांचे वार्षिक अहवाल यायचे. ज्याच्याकडे दहा शेअर त्यालाही तेवढाच जाडजूड ग्रंथ. त्यातल्या आर्ट पेपरची कव्हरं घरातल्या सगळ्या वह्यांना लागत. माझ्या नवऱ्याच्या भूगोलाच्या वहीवर म्हणे वर्षभर कुठल्याशा अध्यक्षांचा हसरा चेहरा होता. २०११ साली कंपनी व्यवहार मंत्रालयाने हे अहवाल ई-मेलने पाठवायची मुभा देणारं परिपत्रक काढलं आणि हळूहळू ते यायचे थांबले. आता जिन्याखालच्या आमच्या पत्रपेटीत विजेचं बिल असतं आणि एक पाल.

दारावरचे स्टिकर हा मात्र खरा छळ. पेस्ट कंट्रोल, आरओ सर्व्हिस, शेगडी दुरुस्ती. आपण गावाला गेलो की चौकटीवर उगवतात. नखाने खरवडले की वरचा कागद निघतो आणि चिकट पांढरा थर राहतो. त्यावर खोबरेल तेल चोळून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी बोथट सुरीने हलकेच काढायचं. पॉलिश जात नाही.

तरी कागद तो कागद. आपण उचलेपर्यंत गप्प पडून राहतो. फोन तसा नाही. इकडे तेल तापलेलं, मोहरी तडतडतेय, आणि तिकडून कोणी तरी विचारतं, "मॅडम, पर्सनल लोनची रिक्वायरमेंट आहे का?" हात पुसून फोन घ्यावा, तोवर फोडणी करपलेली. असं एकदा झालं आणि जेवताना मी चिडचिड केली. अण्णा म्हणाले, "यावर काही तरी तरतूद असेलच की."

होतीच. नको असलेल्या फोनवाल्यांपासून सुटकेची राष्ट्रीय नोंदवही आपल्याकडे २००७पासून आहे. १९०९ला फोन किंवा एसएमएस केला की आपला नंबर त्या नोंदवहीत, म्हणजे डीएनडीत ('डू नॉट डिस्टर्ब'), जातो. सगळंच बंद करता येतं किंवा बँक-विमा, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य यांतलं हवं तेवढं चालू ठेवता येतं. अण्णांनी घरातल्या चारही नंबरांचं सगळं बंद केलं. फोन कमी झाले, पण थांबले नाहीत.

कारण आपण ज्याला कधी काळी संमती दिली, त्याला डीएनडी अडवत नाही. आणि ज्याने टेलिमार्केटर म्हणून नोंदणीच केलेली नाही, साध्या दहा आकडी मोबाईलवरून जो फोन करतो, तो कुठली नोंदवही बघणार? जाहिरातीच्या फोनना १४०ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत, बँकांच्या कामाच्या फोनना १६००ने सुरू होणारे. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाला आता शेपूट असतं: जाहिरात असेल तर पी, सेवेचा असेल तर एस, व्यवहाराचा टी, सरकारी जी. हे सगळं अण्णांनी एका पाठकोऱ्यावर लिहून फ्रिजला लावलंय. मला त्या पीचा फार उपयोग होतो. न वाचता पुसते.

उरलेल्यांसाठी तक्रार. अण्णांचा पहिला मसुदा "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून" असा सुरू होत होता आणि तो त्यांनी खरोखर १९०९ला एसएमएसने पाठवला. नमुन्यात नाही म्हणून परत आला. मग नातवाने ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं, डीएनडी ॲप घालून दिलं. तरीही आधी नोंद पाठकोऱ्यावरच होते: कोणत्या नंबरवरून, किती वाजता, काय म्हणाला, आणि शेवटी जावक क्रमांक. सगळं लिहून होईपर्यंत पूर्वी कधी कधी मुदत टळायची, कारण तक्रार तीन दिवसांत करावी लागे. फेब्रुवारी २०२५मध्ये ट्रायने नियम बदलले, मुदत सात दिवसांची झाली. या एका दुरुस्तीसाठी अण्णा ट्रायचं सगळं माफ करतात.

त्याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट होती. बिननोंदणीच्या नंबरविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या, की मोबाईल कंपनीला त्याच्यावर कारवाई करावी लागते. आधी सात दिवसांत दहा लागायच्या. पण पाचही वेगवेगळ्या माणसांच्या हव्यात. अण्णांनी बोटं मोजली. "घरात आपण चौघं. पाचवा कोण?"

त्या संध्याकाळपासून ते ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर नंबर वाचून दाखवू लागले. सातपूरच्या प्लॉटवाल्याचा फोन कोणाकोणाला आला? हात वर करा. कट्ट्यावर बसणाऱ्यांना रिकामा वेळ आहे, चष्मे आहेत आणि पेन्शनीच्या कामामुळे पाठपुराव्याची सवय आहे. मला वाटतं, हा नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आमच्यासारखी फोडणी टाकणारी माणसं नसणारच, हीच असणार. आम्ही फोन कापतो, शिवी हासडतो आणि विसरतो.

दुकानात मात्र अण्णांबरोबर जाणं नको वाटतं. बिल करताना "मोबाईल नंबर?" असं काउंटरवरच्या मुलीने विचारलं, की अण्णा सांगतात, ग्राहकाकडे नंबराचा आग्रह धरू नये अशी केंद्राच्या ग्राहक विभागाची सूचना आहे, मे २०२३ची. मुलगी म्हणते, "काका, सिस्टीम पुढेच जात नाही." अण्णा म्हणतात, "मग साहेबांना बोलवा." मागे रांग वाढते. शेवटी मागच्या बाई पुढे वाकतात आणि म्हणतात, "अगं, माझा घाल. पॉइंट तरी मिळतील." बिल होतं. एक किलो साबुदाण्यावरचे आमचे पॉइंट त्या बाई घेऊन जातात, आणि येणारे मेसेजही.

गेल्या महिन्यात बँकेने केवायसीसाठी बोलावलं तेव्हा मीही सोबत होते. फॉर्मच्या शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'बँकेच्या व सहयोगी संस्थांच्या योजनांची माहिती मिळण्यास माझी संमती आहे' असं काही तरी होतं आणि समोरच्या चौकोनात बरोबरची खूण आधीच छापलेली. अण्णांनी भिंग काढलं, वाचलं, ती ओळ पट्टीने सरळ खोडली, शेजारी सही केली आणि खाली तारीख घातली.

"अहो काका, खाडाखोड चालत नाही," टेबलापलीकडची मुलगी म्हणाली. "दुसरा फॉर्म भरावा लागेल."

"द्या," अण्णा म्हणाले. "आणि हा फाडू नका, पाठकोरा आहे."