जाताना आठ तास, येताना तीन: मुंबई ते सिंगापूर

तिकिटं हातात पडली तशी बाबांनी शंका काढली. "जाताना रात्री साडेअकराला निघून सकाळी सात वीसला पोचायचं, म्हणजे आठ तास. येताना रात्री आठला निघून अकरा दहाला मुंबईत. येताना उतार आहे की काय?"

सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, आणि तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापलेली असते, एवढीच मेख. अंतर सुमारे 3,900 किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या साडेतीनपटीच्या आसपास. आमच्या थेट विमानाला जाताना 5 तास 20 मिनिटं लागली, येताना वीस मिनिटं जास्त.

पण खरा हिशोब दारापासून दारापर्यंतचा. डोंबिवलीहून पावणेसातला निघालो आणि लिटल इंडियातल्या हॉटेलात टेकलो तेव्हा बाबांच्या घड्याळात पुन्हा पावणेसातच वाजले होते. बरोबर बारा तास! हवेत असतो त्याहून जास्त वेळ जमिनीवरच जातो. म्हणून पाचशे-हजार रुपये वाचवायला मध्ये थांबणारं विमान घेऊ नका, ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर मुळीच नको.

बाबांनी घड्याळ पुढे करायला साफ नकार दिला, आणि तेच कामी आलं. त्यांच्या शुगरच्या गोळ्या भारतीय वेळेने चालू राहिल्या. चार दिवसांसाठी असं चालेल का, हे आधी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं, तुम्हीही विचारा.

व्हिसा आधी काढावा लागतो, तो अधिकृत एजंटामार्फत. शिवाय एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरला येत असल्याचा फॉर्म, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे. मी घाईत शोधताना पहिल्यांदा पैसे मागणाऱ्या भलत्याच साइटवर गेले होते, कार्डाचा नंबर टाकता टाकता थांबले. आता पासपोर्टवर शिक्काही मारत नाहीत, ई-मेलवर पास येतो. बाबा जरा हिरमुसले. शिक्का दाखवायचा होता ना सोसायटीत!

तंबाखू-गुटखा घरीच ठेवा. तिथे बंदी आहे, च्युइंगगमलासुद्धा.

चांगी विमानतळावरून टॅक्सी करायची गरज नाही. एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, एकच स्टेशन पुढे एक्स्पोला उतरा, तिथून डाउनटाउन लाइन थेट लिटल इंडियाला जाते. गेटवर आपलं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं, फक्त त्यावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्या आणि प्रत्येकाला वेगळं कार्ड लागेल हे लक्षात ठेवा. आम्ही दोघांत एकच नेलं होतं, मग बाबांसाठी तिथे वेगळं घ्यावं लागलं.

सकाळी पोचणाऱ्यांची खरी पंचाईत हॉटेलात होते. खोली दुपारी तीनला मिळणार होती. बॅगा काउंटरवर ठेवून टेक्का सेंटरमध्ये डोसा-कॉफी घेतली, पण एकच्या सुमारास बाबा लॉबीतल्या खुर्चीत चक्क घोरायला लागले. पुढच्या वेळी आदल्या रात्रीपासूनचं बुकिंग करणार.